सोडून द्यायची विमानं
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

लहानपणी कागदाचं विमान न उडवलेला माणूस मला अजून भेटायचाय. पण पन्नाशी उलटल्यावरही विमान उडवत बसलेली माणसं मी फार थोडी पाहिली. आज बोलायचंय ते त्या थोड्यांविषयी.

हल्ली लग्नाच्या मांडवावर घिरट्या घालणारे ड्रोन सगळ्यांच्या ओळखीचे झालेत. रिमोटवर उडणारी विमानंही पोरांच्या हातात दिसतात. मी म्हणतोय ती विमानं तसली नव्हेत. त्यांना रिमोट नाही, दोरा नाही. पोटात रबराची लड असते, नाकाशी प्रोपेलर असतो. रबराला पीळ द्यायचा, विमान डोक्याइतकं उंच धरायचं आणि हातातून सोडून द्यायचं. पुढे ते कुठे जाईल, किती वेळ राहील, कुठे उतरेल, यात तुमचा काही हात नाही. याला 'फ्री फ्लाइट' म्हणतात. त्यातही 'स्केल' नावाची एक जात आहे. त्यात एखाद्या खऱ्या, इतिहासात होऊन गेलेल्या विमानाची हुबेहूब छोटी प्रत करायची. पंखांच्या बरगड्या तशाच, चाकं तशीच, रंग तोच, शेपटीवरचा नंबरसुद्धा तोच. आणि मग ती प्रत हवेत सोडून द्यायची.

हे ऐकून तुमच्या मनात जो प्रश्न आला असेल, तोच माझ्या शाळेत १९८२ साली आमच्या मुख्याध्यापकांच्या मनात आला होता. मी तेव्हा आठवीत होतो. आमच्या हस्तकलेच्या सरांनी मुंबईहून पोस्टाने बाल्सा लाकडाचं एक किट मागवलं. 'पायपर कब' नावाच्या छोट्या अमेरिकन विमानाचं. आम्ही तिघा मुलांनी दिवाळीच्या सुट्टीपासून संक्रांतीपर्यंत खपून ते उभं केलं. माझ्या अंगठ्याला ब्लेड लागल्याची खूण अजून आहे. विज्ञान प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळालं, आणि बक्षीस मिळालं हीच चूक झाली. मुख्याध्यापकांनी ते आपल्या खोलीतल्या काचेच्या कपाटात ठेवलं. आम्ही म्हणालो, "सर, उडवून बघू या." ते म्हणाले, "अरे, तुटेल ना!"

ते कधीच उडलं नाही. दहावीत असताना मी एकदा त्या कपाटापाशी थांबून पाहिलं, तर पोटातलं रबर वितळून चिकट झालं होतं आणि कागदातून तेलकट डाग उमटला होता. नंतर कपाट हललं, रंगरंगोटी झाली, विमान कुठे गेलं कोणास ठाऊक. मला त्याच्या जाण्याचं दुःख नाही. ते उडणारं होतं की नाही, हे मात्र कायमचं कळायचं राहून गेलं. ही गोष्ट मला फार वर्षं बोचत होती.

मग एकदम २०१८ सालचा मे महिना. माझा भाचा इंग्लंडमध्ये बेडफर्ड गावात नोकरीला आहे. त्याने आग्रहाने बोलावून घेतलं आणि एका रविवारी म्हणाला, "मामू, तुम्हाला विमानं आवडतात ना? चला." गाडी बेडफर्डच्या बाहेर पडली आणि उजव्या अंगाला दोन प्रचंड शेड दिसल्या. डोंगरच म्हणा ना. कार्डिंग्टनच्या त्या शेड. तिथे 'आर १०१' हे महाकाय हवाई जहाज बांधलं होतं. १९३०च्या ऑक्टोबरमध्ये ते हिंदुस्थानाकडे, कराचीला यायला निघालं आणि फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ कोसळून जळालं. चोपन्नपैकी अठ्ठेचाळीस माणसं गेली. कार्डिंग्टनच्याच दफनभूमीत त्यांची एकत्र कबर आहे. पुढे त्याच शेडच्या छताखाली, जिथे वाऱ्याची झुळूकही येत नाही, मोजक्या ग्रॅम वजनाची विमानं उडवणारे लोक कित्येक वर्षं जमत असत. नंतर तिथे सिनेमांचे सेट लागले.

तिथून थोडं पुढे ओल्ड वॉर्डन. एका श्रीमंत घरच्या तरुणाने, रिचर्ड शटलवर्थने, जुनी विमानं आणि मोटारी जमवायचा नाद धरला होता. १९४० साली हवाई दलाच्या प्रशिक्षणात तो विमान कोसळून मेला. त्याच्या आईने संग्रह मोडला नाही, ट्रस्ट करून टाकला. तिथे १९०९ सालचं 'ब्लेरिओ' विमान आहे, आणि हवा अगदी शांत असेल त्या संध्याकाळी ते अजून जमिनीवरून दोन-चार हात वर उठतं. अशा जागेच्या गवताळ धावपट्टीवर त्या रविवारी दीडदोनशे माणसं जमली होती. बहुतेक साठीच्या पुढची. घडीच्या खुर्च्या, थर्मास, आणि प्रत्येकाजवळ एक मोठं पुठ्ठ्याचं खोकं. त्या खोक्यांतून त्यांनी विमानं बाहेर काढली, तेव्हा नवजात मूल उचलावं तसा हात लावत होते.

ही विमानं किती हलकी असतात, हे सांगून पटायचं नाही. 'पीनट' म्हणजे शेंगदाणा, या नावाचा एक प्रकार आहे. पंखांची लांबी तेरा इंचांपेक्षा जास्त नाही, आणि वजन चांगल्या हाताने केलं तर दहा ग्रॅमच्या आसपास. पोस्टाचं एक जाडसर पत्रही याहून जड भरेल. सांगाडा बाल्साचा. ते झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, इक्वेडोरमधून त्याचं लाकूड जगभर जातं. झाड भराभर वाढतं म्हणून लाकूड हलकं, इतकं की हातात घेतल्यावर आपलीच फसवणूक झाल्यासारखी वाटते. 'बाल्सा' या स्पॅनिश शब्दाचा अर्थच मुळी तराफा. या लाकडाच्या काड्या नकाशावर टाचण्यांनी बसवून चिकटवायच्या. त्यावर झिरमिरीत टिश्यू कागद लावायचा, मग पाण्याचा अगदी बारीक फवारा मारायचा. ओला झाल्यावर कागद सुरकुततो, नवशिक्याला वाटतं सगळं वाया गेलं. पण वाळताना तो असा ताणला जातो की बोटाने टिचकी मारली तर दिमडीसारखा वाजतो. जास्त ताणला तर मात्र पंखच पिळवटतो. तेव्हा तो ओला असतानाच फळीवर दाबून धरावा लागतो.

खरी कसोटी पुढेच आहे. खऱ्या विमानात वैमानिक असतो. वाऱ्याने पंख कलला की तो क्षणात सावरतो. या विमानात कोणी नाही. त्याला स्वतःचं स्वतः सावरता आलं पाहिजे, आणि ते सगळं जमिनीवर असतानाच त्याच्या अंगी बाणवावं लागतं. म्हणून पंख टोकांकडे वर उचललेले हवेत, शेपटीचा आडवा पंख जरा मोठा हवा. पण स्केलवाल्याची पंचाईत अशी की मूळ विमानाची शेपूट लहान असली, तर ती मोठी केल्यावर प्रत हुबेहूब राहत नाही. परीक्षक दिसण्याला गुण देतात आणि उडण्यालाही. हुबेहूब ठेवावं तर पडतं, उडेलसं करावं तर ओळखू येत नाही. म्हणून जाणकार मंडळी आधी विमान निवडतानाच हुशारी करतात. पंख वर असलेलं, नाक लांब असलेलं, शेपूट मोठी असलेलं विमान शोधतात. 'स्पिटफायर' सगळ्यांना करावंसं वाटतं. पंख खाली असलेलं ते देखणं विमान भल्याभल्यांना घाम फोडतं.

मग ट्रिम करणं. दुपारभर मी तेच पाहत बसलो. उंच गवतावर विमान नुसतं हलकेच ढकलायचं. नाक वर करून थबकलं आणि आपटलं, तर नाकात मेणमातीचा एक गोळा चिकटवायचा, हरभऱ्याएवढा. सूर मारला, तर काढायचा. सरळ तरंगलं की मग रबराला थोडे पीळ. पिळाचा जोर एका बाजूला ओढतो, तेव्हा प्रोपेलरचा रोख केसभर उजवीकडे आणि खाली वळवायचा, त्यासाठी नाकाच्या मागे कागदाच्या चकत्या घालायच्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा तिथला नेम. दोन बदलल्या तर गुण कशाचा, कळत नाही. (संसारातही आपण नेमकं हेच विसरतो, पण ते राहू द्या.)

पीळ देणं हा दोघांचा खेळ. एकाने विमान घट्ट धरायचं. दुसऱ्याने रबराची लड बाहेर काढून मूळ लांबीच्या चार-पाच पट ताणायची आणि हाताच्या ड्रिलसारख्या यंत्राने फिरवत फिरवत हळूहळू पुढे चालत यायचं. हजार, कधी त्याहून जास्त पीळ. रबर तुटलं तर आतल्या आत फटाका फुटावा तसं सगळं विमान फाटतं. म्हणून पीळ देताना पोटात एक नळी घालून ठेवतात.

या रबराच्या पिळाला मोठा इतिहास आहे. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्विलरी बागेत आल्फोंस पेनो नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलाने चार बघ्यांदेखत असंच एक विमान सोडलं. पंख सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटर, वजन सोळा ग्रॅम. ते अकरा सेकंद उडालं, चाळीस मीटर गेलं. आपलं आपण तोल सांभाळत गेलं, ही त्यातली खरी गोष्ट. त्याआधी उडण्याची स्वप्नं रंगवणारे पुष्कळ होते, पण हाताबाहेर गेल्यावरही सरळ राहणारं यंत्र दाखवणारे विरळाच. पेनोच्या कंबरेला आजार होता, कुबड्या घेऊन चालायचा, बाप आरमारात मोठ्या हुद्द्यावर आणि याला आरमाराचं दार बंद. पुढे त्याने माणूस बसेल अशा विमानाचा आराखडा केला, १८७६ साली पेटंट घेतलं, पण पैसा कोणी दिला नाही. टर उडवली गेली. असं सांगतात की त्याने आपले सगळे नकाशे एका छोट्या शवपेटीत घालून एका नामांकित वैमानिक-संशोधकाच्या घरी पोचवले. १८८० साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याने स्वतःला संपवलं.

त्याच्या दोन वर्षं आधीच अमेरिकेत एका पाद्रीबाबाने घरी येताना आपल्या दोन मुलांसाठी एक खेळणं आणलं होतं. बूच, बांबू आणि कागदाचं, रबराच्या पिळावर वर उडणारं. पेनोच्याच नमुन्यावरून केलेलं. मुलं विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. त्यांनी त्याच्या मोठ्या मोठ्या प्रती केल्या, आणि जितकी प्रत मोठी तितकी ती कमी उडाली. का, ते त्यांना पुढे मोठेपणी कळलं. आपल्या पहिल्या नमुन्याची ही पोच पेनोला कधी मिळाली नाही.

अमेरिकेतल्या या छंदिष्टांचा 'फ्लाइंग एसेस' नावाचा क्लब आहे. जुन्या एका मासिकाच्या नावावरून १९६०च्या दशकात कनेक्टिकटमधल्या काही मित्रांनी तो पुन्हा उभा केला. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेत सापडून विमान दिसेनासं झालं, की ते म्हणतात, 'हंग'ने नेलं. हंग हा त्यांनी थट्टेने केलेला तापल्या हवेचा देव. आपल्याकडे घारी पंख न हलवता ज्या हवेत गिरक्या घेत वर जातात ना, तीच ही हवा. तिच्यातून विमान परत आणायचे उपायही त्यांनी शोधलेत. जुना उपाय म्हणजे शेपटीशी एक धुमसती वात ठेवायची. ठरलेल्या मिनिटांनी ती धागा जाळते, शेपूट टकन वर उचलली जाते आणि विमान उडणं विसरून पोटावर खाली येतं. पण स्केलवाल्यांतले पुष्कळजण हे लावत नाहीत. वजन वाढतं, आणि खऱ्या विमानाला कुठे अशी वात असते?

ओल्ड वॉर्डनला माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनीही लावली नव्हती. वय ऐंशीच्या घरात. त्यांच्याकडे पहिल्या महायुद्धातलं 'एस. ई. ५ए' होतं, दोन मजली पंखांचं. ज्याची ती प्रत, ते खरं विमान मागच्याच हँगरमध्ये उभं होतं. दोन हिवाळे ते करत होते, म्हणाले. मी त्यांना माझ्या शाळेच्या कपाटाची गोष्ट सांगितली आणि भीत भीत विचारलं, "तुम्हाला नाही वाटत, तुटेल म्हणून?" ते म्हणाले, "वाटतं ना. रात्री झोप लागत नाही." मला वाटलं होतं, काहीतरी शहाणपणाचं ऐकायला मिळेल. तसं काही नव्हतं. त्यांचे हात थरथरत होते म्हणून विमान धरायला त्यांनी मला बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदा मी असं विमान बोटांत धरलं, आणि पीळ भरत गेला तसा तो सांगाडा माझ्या बोटांत ताठ होत गेला.

त्यांनी सोडलं. ते डावीकडे जरा झुकलं, सावरलं, मोठा गोल घेत चढू लागलं. पहिल्या गोलाला लोक पाहू लागले. दुसऱ्या गोलाला गप्पा थांबल्या. प्रोपेलर थांबायला आला तरी ते खाली येईना. कोणीतरी हळूच म्हणालं, "हवा लागली." तिसऱ्या-चौथ्या गोलाला त्यावरच्या खुणा दिसेनाशा झाल्या, मग पंख, मग नुसता एक ठिपका झाडांच्या पलीकडे सरकत गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गृहस्थ दुर्बीण लावून उभेच होते. मग खाली बसले आणि चहा ओतून घेतला. थर्मासचं झाकण त्यांना पुन्हा लावता येईना. दोनदा आट्यांवरून घसरलं. मी लावून दिलं. थोड्या वेळाने ते होकायंत्र घेऊन त्या दिशेने चालत निघाले. जाताना मला म्हणाले, "पंखाखाली फोन नंबर लिहीत जा." जणू मीही त्यांच्यातलाच होतो.

तुम्हाला वाटत असेल, आता हा कवी विमानाला कवितेची उपमा देणार. देत नाही. कविता फसली तर वहीत ठेवता येते, छापल्यावरही पुढच्या संग्रहात शब्द बदलता येतो. मी बदललेत. विमानाचं तसं नाही.

मिरजेला परत आल्यावर मध्ये बरीच वर्षं गेली, कोरोनाची साथही त्यातच. २०२३ सालच्या पावसाळ्यात मी बाल्सा मागवलं. आता ते आपल्याकडेही घरपोच मिळतं. 'लेसी एम-१०' नावाचं एक खोक्यासारखं विमान आहे, सगळ्या रेषा सरळ, पीनटवाल्या नवशिक्यांचं लाडकं. त्याचा नकाशा घेतला. माझा एक दोस्त सतारमेकर गल्लीत तंबोरे करतो. बारीक पॉलिशकागद आणि पात्याला धार त्याच्याकडून घेतली. त्याने बाल्साची पट्टी कानाशी धरून नखाने वाजवली आणि परत दिली. "इसमें आवाज नई," म्हणाला. उभ्या आयुष्यात त्याने लाकूड आवाजासाठीच निवडलंय, त्याचं चूक नाही. आधी मी पतंगाचा कागद लावला, तो जड झाला, सगळा सोलून काढला. शेवटी वजन भरलं साडेबारा ग्रॅम. इंग्लंडच्या मंडळींनी नाक मुरडलं असतं.

फ्री फ्लाइटला वारा चालत नाही, आणि आमच्याकडे वारा पडलेला असतो तो फजरच्या नमाजनंतर, सूर्य वर येईपर्यंत. ऑक्टोबर सरता सरता मी मशिदीतून परस्पर गावाबाहेरच्या एका मोकळ्या रानात जाऊ लागलो. पिशवीत खोकं. पहिल्या दिवशी नाक आपटून फुटलं. दुसऱ्या दिवशी डावा पंख. आठवडाभर रोज सकाळी मोडायचं, रोज रात्री जोडायचं. घरातले काही म्हणत नव्हते, पण सून चहा देताना टेबलावरच्या काड्यांकडे पाहायची. मेणमाती कमी-जास्त करत, चकत्या बदलत, नोव्हेंबरच्या एका पहाटे ते उडालं. एक्केचाळीस सेकंद. माझ्या डोक्यावरून दोन गोल घेऊन समोरच्या बांधावर उतरलं. मी एकटाच होतो. अंगठ्यावरची ती जुनी खूण मी उगीचच चोळत होतो, हे मला नंतर लक्षात आलं.

शहाणा माणूस तिथून घरी गेला असता. मला मोह झाला. पुन्हा एकदा, पुन्हा एकदा करत नऊ वाजले, ऊन चढलं, आणि शेवटच्या खेपेला मी भरपूर पीळ दिला. बाजूला नांगरलेलं काळं रान तापलं होतं. विमान त्याच्यावर गेलं आणि वर उचललं गेलं, अगदी ओल्ड वॉर्डनसारखं. मी मान वर करून पाहत राहिलो. बऱ्याच वेळाने ते बारीक होत होत पलीकडच्या उसाच्या फडावर आलं आणि कुठेतरी आत उतरलं. पुरुषभर उंच ऊस, दहा-बारा एकर. दोन दिवस शिरून शोधलं. पानांनी हात कापले, विमान मिळालं नाही. फडाच्या मालकाला सांगून ठेवलं. तो म्हणाला, "कवी, तोडीपर्यंत थांबा."

जानेवारीत एका दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला. बीडकडचा तोडणी मुकादम होता. "सर, उसात एक इमान घावलंय. पंखाखाली तुमचा नंबर हाय." मी विचारलं, कितपत मोडलंय. तो म्हणाला, "कागद फाटलाय. सांगाडा हाय समदा. निस्तं रबर नाय. ते आमच्या पोरानं गलोलीला लावलं."